जजसाहेबांचं मरण

पडद्यावर जजसाहेबांनी मखमली रजईतून उजवा हात बाहेर काढला, आणि इकडे बायकांच्या बाजूला बसलेली ठमाबाई उठून उभी राहिली. मागच्या बाईने पदर धरून तिला खाली ओढलं आणि आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय का, असं विचारलं. ठमाबाई बसली, पण बाकाच्या अगदी कडेला.

जजसाहेब मरत होते. चार खांबांची शिसवी खाट, उशाशी डॉक्टर, पायथ्याशी तीन मुलगे, दारात जुना नोकर तोंडात पंचा कोंबून उभा. साहेबांना आता कुणाचीच ओळख राहिली नव्हती. त्यांचा हात रजईवर काहीतरी शोधत फिरला, मग वर आला. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासली गेली, सावकाश, दोनदा. तीच बोटं त्यांनी जिभेला लावली. कपाळावर आठी आली. हात पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला, बोटं पुन्हा जिभेला. मग त्यांनी पायथ्याकडे पाहिलं. तिथे मुलगे उभे होते, पण साहेब मुलग्यांकडे बघत नव्हते. कपाळावरची आठी गेली. त्यांनी रजईखालचे दोन्ही पाय जरासे बाजूला घेतले, आलेल्या माणसाला टेकायला जागा करून द्यावी तसे, आणि ते तसेच राहिले.

टॉकीजभर नाकं ओढल्याचे आवाज झाले. पुढच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. ठमाबाईचे डोळे कोरडे होते.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या चैत्रात हा पिक्चर पनवेलला दोन आठवडे चालला. त्यात एक देखणा नायक होता, त्याच्याहून देखणी नायिका होती, आठ गाणी होती. पण त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. लोक जायचे ते जजसाहेबांचं मरण बघायला. मुंबईच्या पेपरांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले होते. एका विद्वानाचं म्हणणं असं, की न्यायाधीश जन्मभर दिलेले निकाल बोटांत चोळून बघतो आणि त्यांची चव त्याला कडू लागते. दुसऱ्याला त्या बोटांतून निसटणारा काळ दिसला होता. पनवेलच्या वाचनालयाचे चिटणीस कमळाकरपंत यांनी दोन्ही कात्रणं दर्शनी फळ्यावर लावली होती आणि ती वाचायला येणाऱ्याला ते दोन्हींचा अर्थ न विचारता समजावून देत. त्यांना अभिमान वाटणं साहजिक होतं. जजसाहेबांचं काम करणारे नटवर्य एम. माधव हे पनवेलचे सुपुत्र होते. खरं म्हणजे ते दोन कोसांवरच्या कामोठ्याचे; पण माणूस मोठा झाला की आजूबाजूची चार गावं त्याची आई व्हायला निघतात. पाळण्यातलं नाव महादेव मढवी. कंपनीच्या मालकाला मढवी हे आडनाव पडद्यावर बरं दिसेना, म्हणून त्याने त्याचं माधव करून टाकलं.

महादेव हा ठमाबाईचा धाकटा दीर.

पहिल्या दिवशी कामोठ्याची मिठागरावरची माणसं दोन बैलगाड्या भरून पिक्चरला गेली होती. निघता निघता उशीर झाला आणि सुरुवात हुकली. जजसाहेबांनी बोटं घासून जिभेला लावली तेव्हा त्या सगळ्यांच्या बाकांवर एकदम हशा पिकला. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आरं, पानी बघतोय रं जज!" शहरातल्या लोकांनी वळून वळून त्यांना गप्प केलं. पण त्यांची काही चूक नव्हती. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात, ते आटत जातं. आणि ते मिठाला आलं की नाही हे आगरी माणूस असंच बघतो. बोटांत चोळायचं, तेलकट लागतं का ते पाहायचं, मग जिभेवर ठेवायचं. कामोठ्यात हे पोराटोरांना येतं. परतताना गाडीत यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की जजाचं लहानपणी मिठागर असणार, आणि तेवढाच भाग आपला हुकला.

ठमाबाई त्या गाडीत होती. ती चर्चेत पडली नाही. पडद्यावर तिला महादेव दिसलाच नव्हता, जज तर नव्हताच नव्हता. तिने तिथे आपल्या नवऱ्याला मरताना पाहिलं होतं.

बुधाजी पंधरा वर्षांपूर्वी गेला, अशाच चैत्रात, तापाने. ती तेव्हा उरणकडे माहेरी होती. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना लागलेला. निघताना दोघांचं बिनसलं होतं. बुधाजी म्हणत होता, मिठाची शेवटची रास उचलेपर्यंत थांब, हात कमी पडतात. ती म्हणत होती, मला आता वाकवत नाही. ती मचव्यात बसली तेव्हा तो धक्क्यावर पाठ करून उभा होता. तिनेही हाक मारली नाही. मनात म्हणाली, येईल आपोआप बारशाला. मग निरोप आला. मचवा मिळेपर्यंत, भरती लागेपर्यंत ती कामोठ्याला पोचली तो तिसरा दिवस उजाडला होता. राखसुद्धा सावडून झाली होती. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण जे बघायचं ते तिने काही बघितलंच नाही.

आजारात बुधाजीजवळ एकटा महादेव होता, अठरा वर्षांचा. तिने त्याला विचारलं, जाताना काय बोलला? महादेव खाली मान घालून म्हणाला, "झोपंतच गेला, वयनी. कायपन बोलला नाय. कुनाचं नाव नाय घेतलं." त्याला वाटलं असेल, एवढ्याने हिचं दुःख हलकं होईल. झालं उलटंच. नाव नाही घेतलं म्हणजे माझंही नाही घेतलं, हे तिने धरून ठेवलं. पाठमोरा उभा राहिला तो उभाच राहिला, राग मनात घेऊन गेला, असं ती पंधरा वर्षं समजत आली. कुणाला बोलली नाही. महिन्याभराने मालू झाली. महादेव त्याच पावसाळ्यात मुंबईला पळाला. पुढे वर्षातून एखादं पत्र तेवढं यायचं.

बुधाजीला गोड बोलता येत नसे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती संध्याकाळची भाकरी घेऊन मिठागरावरच्या खोपीत जायची. तो बाजेवर आडवा असायचा. ती आली की तोंडाने काही न बोलता पाय जरा बाजूला घ्यायचा. ती तिथे टेकायची. कामोठ्यातल्या बाकीच्या बायकांना नवऱ्याकडून काय काय मिळालं असेल ते असो; तिला एवढं मिळालं होतं आणि ते तिला पुरत होतं.

आणि आता ते पाय तिने पुन्हा पाहिले होते. म्हणजे महादेवाने ते तेव्हा बघितलं होतं. पोरवयात सांगायची लाज वाटली असेल, म्हणून झोपेत गेला म्हणाला. पण बघितलं ते विसरला नाही, आणि जसंच्या तसं करून दाखवलं. बुधाजीला शेवटी ती आल्यासारखी वाटली होती. त्याने तिला जागा करून दिली होती.

ती रोज जाऊ लागली. सकाळी मिठागरावर काम, मग दोन कोस चालत पनवेल, तीनचा खेळ. साडेपाचच्या सुमारास बुधाजी मरायचा. मग ती उरलेला पिक्चर न बघता बाहेर पडायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायची. मालूला सांगायची बाजाराला गेले होते, आणि पिशवी रिकामी असायची. मालू पंधरा वर्षांची, न कळण्याइतकी लहान नव्हती. पण आईच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांत न दिसलेलं काहीतरी दिसत होतं, म्हणून तिने विचारलं नाही. गावातल्या बायका म्हणू लागल्या, ठमाबाईला म्हातारपणी पिक्चरचा नाद लागला. ठमाबाई छत्तीस वर्षांची होती.

पहिले चार-पाच दिवस तिला बरं वाटलं. मग हळूहळू ते बदललं. एका दुपारी मीठ ओढायचं काम लांबलं आणि तिला जाता आलं नाही. हातात दंताळं, डोक्यावर ऊन, आणि मनात एकच: आता तीन वाजले असतील, आता पाच. आता तो मरतोय आणि मी इथे. तिला दुसरा विचारच सुचेना. मग लक्षात आलं, की तो सहाच्या खेळालाही मरतो आणि नऊच्याही. त्या वेळी ती नसतेच. समोर वाफ्यांच्या पलीकडच्या बांधावर कुणीतरी वाकून पाण्यात हात घातलेला तिला दिसला. उन्हाने डोळे दिपतात मिठागरावर, पांढऱ्या राशींकडे बघून बघून माणसाला काहीबाही दिसतं, हे तिला माहीत होतं. तरी ती बांधावरून चालत तिथवर गेली. कुणी नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी नटवर्यांचा सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, शाल होती, श्रीफळ होतं, आणि कमळाकरपंतांचं भाषण होतं. ते पाऊण तास चाललं. त्यांनी जुन्या जमान्यातल्या एकेका नटाचं स्मरण केलं, कुणाचं हसणं, कुणाचं नुसतं जिन्यावरून उतरणं, आणि या मालिकेत आता आपल्या माधवांचं मरण अजरामर झालं आहे असं सांगितलं. मरण अजरामर झालं या वाक्याला टाळ्या पडल्या. महादेव खुर्चीत अंग चोरून बसला होता. कानांवरचे केस पांढरे, अंगात रेशमी सदरा. मुंबईत राहून तो गोरा झाला होता, पण बसण्याची तऱ्हा वाफ्याच्या बांधावर बसल्यासारखीच होती.

भाषण संपल्यावर लोकांनी हट्ट धरला. एकदा ते बोटांचं करून दाखवा. महादेव नको नको म्हणाला. लोक ऐकेनात, पुढे बसलेल्या शाळामास्तरांनी तर हात जोडले. तो उठला. उजवा हात वर आला, बोटं जुळली. तेवढ्यात बायकांच्या बाजूला, मांडवाच्या खांबाला धरून उभी असलेली ठमाबाई त्याला दिसली. हात तसाच खाली आला. पडद्यावर आहे तेच बरं आहे, इथे जमणार नाही, असं काहीतरी तो पुटपुटला आणि बसला. कमळाकरपंतांनी लगेच उठून सांभाळून घेतलं. खरा कलावंत असाच संकोची असतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामोठ्याला आला. ठमाबाई मिठागरावर होती. बांधावरून तो सावकाश, धोतर सावरत आला. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. तिने दंताळं खाली ठेवलं, पदराने खोपीतली बाज झटकली आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्याने मालूची चौकशी केली, घराचं छप्पर गळतं का विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. दोघंही ज्यासाठी समोरासमोर आली होती ते तसंच मध्ये पडून राहिलं.

शेवटी तोच म्हणाला, वहिनी, तुम्ही पिक्चर पाहिलात असं ऐकलं. तुम्हाला राग आला असेल. दादाचं ते मी असं चारचौघांत मांडायला नको होतं. डायरेक्टर म्हणाले, कसं मरायचं ते तुम्हीच ठरवा. मी खाटेवर पडलो आणि दुसरं काही आलंच नाही. हे तो शुद्ध, पुस्तकी बोलीत बोलत होता. मुंबईहून पाठ करून आला असावा.

"राग कसला?" ठमाबाई म्हणाली. "महादू, तुजे लय उपकार झाले."

तो बघतच राहिला.

मग ती बोलू लागली. एवढं ती पंधरा वर्षांत बोलली नव्हती. धक्क्यावर बुधाजीने पाठ केली होती ते सांगितलं, त्याने नाव घेतलं नाही याचं काय झालं ते सांगितलं. रोज जाते म्हणाली. त्याने पाय घेतले ते बघायला. तू तिथं होतास म्हणून मला दिसलं, नाहीतर तो रागातच गेला असं समजून मी मेले असते. हे म्हणताना तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. तू पोरगा होतास, तुला तेव्हा सांगता आलं नाही, त्याचं मला काही नाही, असंही ती म्हणाली.

महादेव खोपीच्या दारात उभा होता. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. रागाची उत्तरं त्याच्याकडे तयार होती. तो हळूहळू खाली बसला, जमिनीवरच, रेशमी सदऱ्यासकट.

"वयनी," तो म्हणाला, आणि ती पाठ केलेली बोली गळून पडली. "मी नव्हतो तिथं."

तिला आधी कळलंच नाही.

तेव्हा त्याने सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून बुधाजीला भान नव्हतं. बोटं तेवढी चालत होती, पाणी बघत होता. ते खरं, ते महादेवाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पनवेलला मैदानात तंबूचा सिनेमा आला होता आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. त्या पिक्चरमधल्या एका मोठ्या नटाच्या कामाची सगळ्या तालुक्यात चर्चा होती. महादेवाला वाटलं, एक खेळ बघून येतो, तोवर काही होत नाही. भावाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीनच्या खेळाला गेला. त्या नटाने पडद्यावर असा काही प्राण सोडला की तंबूत सगळी माणसं रडली. महादेवही रडला. रडतच घरी आला. येताना वाटेत बैलांच्या तळ्याशी थांबून त्याने त्या नटासारखी मान टाकून बघितली, दोन-तीनदा. घरी आला तर बुधाजी गार पडला होता.

"तिकडं तो मेला तवा मी पडद्यावरच्या मानसासाठी रडत होतो," महादेव म्हणाला. "त्याचं मरान मी बघितलं नाय. कुनीच नाय बघितलं."

"आनि पाय?"

"पाय मी घेतले. तू भाकरी घेऊन यायचीस तवा घ्यायचा तसे. तेवडंच मला ठावं होतं."

बाहेर वाफ्यांवर ऊन चढत होतं आणि लांब कुठेतरी मीठ ओढल्याचा खरखर आवाज चालू होता. मग तिने विचारलं, तू आलास तेव्हा तो कसा होता?

हे त्याला चुकवता आलं असतं. दाराकडे तोंड होतं, एवढं म्हटलं असतं तरी तिचा उरलेला जन्म निभावला असता. तो नट होता, आणि चांगला नट होता.

"भिंतीकडं तोंड होतं," तो म्हणाला. "तांब्या कलंडलेला."

तिने मान हलवली. एकदा हलवली आणि मग ती थोडा वेळ हलतच राहिली. महादेव गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ती त्याच्यावर ओरडली नाही, त्याला जवळही घेतलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा हा बारा वर्षांचा होता, आईवेगळा. तिने त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. आता त्याच केसांकडे बघताना तिला त्याचा संताप येत होता, कीवही येत होती, आणि या दोहोंच्या मागे कुठेतरी, भिंतीकडे तोंड केलेला एक माणूस तांब्याकडे हात नेत होता. तिथे खोलीत कुणीच नव्हतं.

ती उठली. दंताळं खोपीत आडवं ठेवलं, पायांवर पाणी घेतलं.

"आज गुरुवार हाय," ती म्हणाली. "उद्या पिक्चर बदलतो. तीनचा खेळ मिळंल, चल."

महादेव म्हणाला, मी माझी कामं बघत नाही, वहिनी. एवढ्या वर्षांत एकही बघितलं नाही.

"तुजं काम बघायला कोन म्हनतंय?"

दोन कोस ती दोघं चालत गेली, ती पुढे, तो चार पावलं मागे. टॉकीजच्या दारावरच्या दादूने नटवर्यांना ओळखलं आणि तो मालकाला बोलवायला धावू लागला; महादेवाने त्याला हात जोडून थांबवलं. आत बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये जायची वाट. ठमाबाई वाटेच्या या कडेला बसली, महादेव त्या कडेला. मध्ये एका खाटेएवढं अंतर राहिलं.

दोन तास गाणी झाली, नायक-नायिकेचं भांडण झालं, मग मिटलं. महादेव मान वर करून बघत नव्हता. जजसाहेबांना खाटेवर निजवलं तसं त्याने वर बघितलं. रजईतून हात बाहेर आला. बोटं चोळली गेली, जिभेला लागली. पलीकडच्या कडेला महादेवाचा श्वास मोठ्याने चालू झाला, एवढा की शेजारच्या माणसाने वळून पाहिलं, आणि ओळख पटून तो चमकला. ठमाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. आज ती पायांची वाट बघत नव्हती. पाय महादूचे होते. बोटं बुधाजीची होती. ती तिला अजूनही बुधाजीची दिसत होती, आणि ती एकटीच रजईवर शोधत होती.

ती पुढे वाकली.

"आमी हाय," ती म्हणाली. शेजारच्या बाईला ऐकू गेलं इतपत आवाज होता. "महादू हाय, मी हाय. जा आता."

पुढच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. दोघं उठून बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन होतं, पोह्यांच्या गिरणीवरून भाजल्याचा वास येत होता, टांगेवाले ओरडत होते. महादेवाचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता. त्याला सहाची एसटी होती. कमळाकरपंत मंडळी घेऊन त्याला निरोप द्यायला स्टँडवर जमणार होते. तो ठमाबाईकडे बघत राहिला. तिने त्याच्या बाहीला लागलेली खोपीतली माती झटकली आणि कामोठ्याच्या वाटेला लागली. निघताना ती येते म्हणाली नाही.

घरी पोचली तेव्हा मालू अंगणात सुकट निवडत होती. आई उंबऱ्याकडे येईल म्हणून ती बाजूला सरली. ठमाबाई उंबऱ्याकडे आली नाही. अंगण ओलांडून परसातल्या विहिरीवर गेली, पोहरा सोडला, भरून वर ओढला, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. एकदा, दुसऱ्यांदा. भर उन्हाळ्याचे दिवस, पण अशी अंघोळ गरमीची नसते हे मालूला कळत होतं. मयतीला जाऊन आलेलं माणूस अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात शिरत नाही. ती सुकट टाकून धावत आली.

"कोन गेलं, आये?"

ठमाबाईने तोंडावरचे ओले केस मागे सारले. तिचा आवाज शांत होता.

"तुजा बापूस गेला," ती म्हणाली.

मालूने बापाला कधी पाहिलं नव्हतं. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला, ओढून वर घेतला, आणि आपल्याही डोक्यावर ओतला.